चक्राकार रेणूंच्या काठावरील रासायनिक बदल आणि औषधांचे लक्ष्यित वहन : सायक्लोडेक्स्ट्रिनच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

सायक्लोडेक्स्ट्रिन हे पिष्टापासून मिळणारे चक्राकार रेणू पाण्यात न विरघळणारी औषधे आपल्या पोकळीत सामावून घेतात. मूळ रेणूच्या काठावर वेगवेगळे रासायनिक गट जोडले असता त्याची विद्राव्यता, सुरक्षितता आणि औषधाला धरून ठेवण्याची शक्ती बदलते. २०२० व २०२१ या वर्षांत विदर्भातील घराघरांत ज्याचे नाव पोहोचले, त्या रेमडेसिव्हिर इंजेक्शनचे उदाहरण घेऊन औषध विरघळविणारे वलय आणि औषधाला लक्ष्यापर्यंत नेणारे वलय यांतील भेद प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : सायक्लोडेक्स्ट्रिन, समावेशी संकुल, बंधन स्थिरांक, लक्ष्यित औषधवहन, रेमडेसिव्हिर, मूत्रपिंड.

प्रस्तावना

कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यानंतर महाविद्यालयाचे वर्ग पुन्हा भरू लागले, तेव्हाची गोष्ट आहे. बी.एस्सी. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने रेमडेसिव्हिरच्या कुपीसोबत येणारे माहितीपत्रक वर्गात आणले आणि दोन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न असा : ''सर, कुपीत औषध शंभर मिलिग्रॅम आहे आणि हा दुसरा पदार्थ तीन हजार मिलिग्रॅम आहे. हे कशासाठी?'' दुसरा प्रश्न त्याच्या घरचा होता. त्याच्या आजोबांना मूत्रपिंडाचा जुना विकार असल्याने उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हे इंजेक्शन देणे टाळले होते. इंजेक्शन मिळविण्यासाठी घरच्यांनी अकोल्यापासून नागपूरपर्यंत धावाधाव केली होती आणि मिळाल्यानंतर ते दिले गेले नाही, याची बोच त्याच्या मनात होती. औषधाचा मूत्रपिंडाशी काय संबंध, असे त्याला विचारावयाचे होते.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच पदार्थात आहे. त्याचे नाव सल्फोब्युटिल ईथर बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन. एप्रिल २०२१ मध्ये वाशीमसह राज्यातील सर्वच जिल्ह्यांत या इंजेक्शनची टंचाई होती. ११ एप्रिल २०२१ रोजी केंद्र शासनाने त्याच्या निर्यातीवर बंदी घातली, जिल्हा प्रशासनाच्या नियंत्रणाखाली त्याचे वाटप होऊ लागले आणि मे महिन्यात आपल्याच विदर्भात, वर्धा येथील जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. ज्या कुपीसाठी एवढी धावपळ झाली, तिच्यात वजनाने सर्वाधिक असलेला घटक हा एक चक्राकार रेणू होता, हे मात्र फारच थोड्यांच्या लक्षात आले.

वलयाची रचना

पिष्टावर वाढणाऱ्या जीवाणूंच्या अभ्यासातून १८९१ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हिलिए यांना एक स्फटिकी पदार्थ मिळाला. पुढे १९०३ पासून ऑस्ट्रियातील शार्डिंगर यांनी त्याचा कसोशीने अभ्यास केला. जीवाणूंमधील एक विशिष्ट विकर पिष्टाची लांब साखळी तोडते आणि तिच्या तुकड्याची दोन टोके परस्परांना जोडून त्याचे वलय करते. या वलयात सहा ग्लुकोज एकके असल्यास अल्फा, सात असल्यास बीटा आणि आठ असल्यास गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन असे म्हणतात.

हे वलय बांगडीसारखे सरळ नसून तळ नसलेल्या बादलीसारखे, एका बाजूला रुंद व दुसऱ्या बाजूला अरुंद असते. त्याची उंची सुमारे ०.७९ नॅनोमीटर व बीटा प्रकारातील पोकळीचा व्यास सुमारे ०.६ ते ०.६५ नॅनोमीटर भरतो. ग्लुकोजचे सर्व हायड्रॉक्सिल गट दोन्ही काठांवर येतात. बीटा प्रकारात अरुंद काठावर सात व रुंद काठावर चौदा, असे एकूण एकवीस हायड्रॉक्सिल गट असतात. त्यामुळे वलयाची बाहेरची बाजू जलस्नेही, तर आतली पोकळी तुलनेने जलविरोधी असते. पाण्याला दूर सारणारा, बेंझीनसारख्या कड्या असलेला औषधाचा भाग या पोकळीत शिरून बसतो. यजमान व अतिथी यांच्या या जोडीला समावेशी संकुल असे म्हणतात. येथे औषध आणि वलय यांच्यामध्ये कोणताही सहसंयुज बंध तयार होत नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

सामान्य महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही ही क्रिया डोळ्यांनी पाहता येते. धुण्याच्या सोड्याच्या विरल द्रावणात फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब टाकले म्हणजे परिचित गुलाबी रंग येतो. त्यात बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनची चिमूटभर भुकटी मिसळली की आम्ल न घालताही रंग फिका पडत जातो, कारण फिनॉल्फ्थॅलीनचा रेणू पोकळीत शिरतो आणि तेथे त्याला रंगहीन रूप घ्यावे लागते. परीक्षानळी गरम केल्यास अतिथी बाहेर पडतो व रंग परत येतो. थंड केल्यास पुन्हा नाहीसा होतो. अनुमापनाचे प्रयोग वर्षानुवर्षे यांत्रिकपणे करणाऱ्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग दाखविल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर येणारे आश्चर्य प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिले आहे. द्रावण न तापविता त्यात ॲडमँटेन कार्बोक्झिलिक आम्लाचे लवण टाकले तरीही रंग परततो. ॲडमँटेनचा गोलसर रेणू बीटा वलयाच्या पोकळीत इतका नेमका बसतो की तो आधीच्या पाहुण्याला बाहेर काढतो. या ॲडमँटेनची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

काठावरील बदल कशासाठी?

तिन्ही वलयांपैकी बहुतेक औषधांच्या मापाची पोकळी बीटा प्रकाराची. तोच उत्पादनास स्वस्त. परंतु नेमका तोच पाण्यात सर्वांत कमी विरघळतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला एक लीटर पाण्यात अल्फा सुमारे १४५ ग्रॅम, गॅमा सुमारे २३२ ग्रॅम, तर बीटा अवघा १८.५ ग्रॅम विरघळतो. रुंद काठावरील शेजारी-शेजारी असलेले हायड्रॉक्सिल गट एकमेकांशी हायड्रोजन बंधांनी जखडले जातात. सात एककांच्या वलयात या बंधांचा कमरपट्टा पूर्ण होतो आणि पाण्याच्या रेणूंशी बंध जोडण्यास गट मोकळे राहत नाहीत.

ही अडचण केवळ द्रावण तयार करण्यापुरती असती, तर ती गौण मानता आली असती. मूळ बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन शिरेतून दिल्यास ते मूत्रपिंडातून गाळले जाते, तेथील नलिकांच्या पेशींमध्ये ओढले जाते, दाट होते आणि त्याचे स्फटिक साचून पेशींना इजा करतात. प्राण्यांवरील प्रयोगांत ही गोष्ट १९७० च्या दशकातच दिसून आली. म्हणून मूळ बीटा प्रकार गोळ्यांमध्ये वापरता येतो, शिरेतून मात्र देता येत नाही.

यावर शोधण्यात आलेला उपाय दिसावयास साधा आहे. एकवीस हायड्रॉक्सिल गटांपैकी काहींवर दुसरे गट जोडावयाचे. प्रॉपिलीन ऑक्साइडच्या अभिक्रियेने हायड्रॉक्सिप्रॉपिल गट जोडले असता कमरपट्टा तुटतो. शिवाय गट कोणत्या जागी जोडले जातील याला नियम नसल्याने अनेक समघटकांचे मिश्रण तयार होते आणि असे मिश्रण सहजी स्फटिकरूप धारण करीत नाही. विद्राव्यता लीटरला ५०० ग्रॅमच्याही पुढे जाते. शुद्ध पदार्थ मिळविण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या रसायनशास्त्राच्या अध्यापकाला ही बाब काहीशी खटकणारी असली, तरी येथे मिश्रण असणे हाच गुण ठरला आहे. बुरशीविरोधी इट्राकोनॅझोलच्या तोंडावाटे घ्यावयाच्या द्रावणात हेच वलय वापरतात. याउलट, मिथिल गट जोडलेले वलय औषधाला चांगले धरते. परंतु ते पेशींच्या आवरणातील कोलेस्टेरॉलही ओढून घेते व त्यामुळे तांबड्या रक्तपेशी फुटतात.

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात व्हॅलेंटिनो स्टेला व रॉजर राजेव्स्की यांनी निराळा मार्ग निवडला. त्यांनी वलयाच्या काठावर चार कार्बन अणूंची लहान साखळी आणि तिच्या टोकाला सल्फोनेट गट असलेले हात जोडले. एका वलयावर असे सरासरी साडेसहा ते सात हात असतात. सल्फोनेटवर ऋण प्रभार असल्याने वलय पाण्यात भरपूर विरघळते, मूत्रपिंडात त्याचे स्फटिक होत नाहीत आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. प्रभार पोकळीच्या तोंडापासून चार कार्बन दूर असल्याने पोकळीचा जलविरोधी गुणही टिकून राहतो. हे अंतर ठेवण्यातच या रचनेचे मर्म आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. रेमडेसिव्हिर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मूळ निर्माती असलेल्या गिलियड कंपनीच्या कोरड्या भुकटीच्या कुपीत १०० मिलिग्रॅम औषधासोबत ३ ग्रॅम, तर द्रवरूप कुपीत ६ ग्रॅम हे वलय असते. रेणूंची संख्या मोजल्यास भुकटीच्या कुपीत औषधाच्या प्रत्येक रेणूमागे वलयाचे सुमारे आठ रेणू येतात. व्होरिकोनॅझोलच्या २०० मिलिग्रॅमच्या कुपीत हेच वलय ३.२ ग्रॅम असते. म्युकरमायकोसिसच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या पोसाकोनॅझोलच्या ३०० मिलिग्रॅम इंजेक्शनमध्ये ते सुमारे ६.७ ग्रॅम असते.

विरघळविणे आणि नेऊन पोहोचविणे

येथे एका गैरसमजाचा परामर्श घेणे आवश्यक वाटते. वलय औषधाला पोटात घेऊन फुप्फुसापर्यंत वाहून नेते व तेथे सोडते, असे वर्णन विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालांत वारंवार आढळते. ते या इंजेक्शनला लागू पडत नाही. साधे गणित करून पाहू. सल्फोब्युटिल वलयाचा रेणुभार सुमारे २१६३ असल्याने ३ ग्रॅम म्हणजे सुमारे १.४ मिलिमोल. बंधन स्थिरांक उदाहरणादाखल १००० लीटर प्रति मोल मानू. बहुतेक औषधांच्या बाबतीत तो शंभर ते दहा हजारांच्या दरम्यान असतो. कुपीतील भुकटी पाणी घालून २० मिलिलीटर केली असता सुमारे ९८ टक्के औषध पोकळीत असते. तेच द्रावण शरीरातील सुमारे ३ लीटर रक्तद्रवात मिसळल्यावर हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास येते आणि पेशींबाहेरील १५ लीटर द्रवात पसरल्यावर ९ टक्क्यांच्याही खाली उतरते. रक्तातील प्रथिने औषधाला स्वतःकडे ओढतात ते निराळेच. म्हणजे वलयाचे काम शिरेच्या तोंडाशीच जवळपास संपते. औषध आपल्या वाटेने जाते, वलय लघवीच्या वाटेने. याला औषधवहन म्हणावयाचे असेल तर म्हणावे. लक्ष्यित वहन म्हणता येणार नाही.

लक्ष्यित वहनासाठी दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. वाटेत औषध सुटू नये आणि लक्ष्य आल्यावर मात्र सुटावे. या अटी परस्परविरोधी आहेत आणि या क्षेत्रातील बहुतेक अपयशांचे मूळ त्यांतच सापडते.

पहिली अट पूर्ण करण्याचा सरळ उपाय म्हणजे औषधाला रासायनिक बंधानेच वलयाच्या काठाशी जोडणे. जपानमधील कुमामोतो विद्यापीठात कानेतो उएकामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी बायफेनिलॲसेटिक आम्ल हे वेदनाशामक अशा रीतीने जोडले. लाळेतील व स्वादुपिंडातील विकरे पिष्ट पचवितात. परंतु या वलयाला ती फारशी तोडू शकत नाहीत. मोठ्या आतड्यातील जीवाणू मात्र ते तोडतात. त्यामुळे पोटात व लहान आतड्यात औषध बांधलेले राहते आणि मोठ्या आतड्यात सुटते. उंदरांवरील प्रयोगांत हे दिसून आले. शरीरातील एका विशिष्ट जागी राहणाऱ्या जीवाणूंचाच पत्ता म्हणून उपयोग करण्याची ही कल्पना प्रस्तुत लेखकास या क्षेत्रातील सर्वांत समंजस कल्पना वाटते, कारण तीत दोन्ही अटी एकाच बंधाने साधल्या आहेत.

दुसरा मार्ग पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीचा. यकृताच्या पेशींवर गॅलॅक्टोज शर्करा ओळखणारा ग्राही असतो; अनेक कर्करोग पेशींवर फोलिक आम्लाचे व ट्रान्सफेरिन प्रथिनाचे ग्राही मोठ्या संख्येने असतात. वलयाच्या काठावर यांपैकी योग्य तो रेणू जोडल्यास वलय त्या पेशीला चिकटते. यकृतातील याच ग्राहीच्या आधारे औषध नेण्याचे काम मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत पद्मा देवराजन यांच्या गटाने केले आहे. मात्र तेथे वाहक म्हणून चक्राकार रेणूंऐवजी बहुशर्करायुक्त नॅनोकण होते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत मार्क डेव्हिस यांनी याहून महत्त्वाकांक्षी रचना केली. धन प्रभार असलेल्या साखळीत बीटा वलये ओवून त्यांनी एक बहुवारिक तयार केले. त्याभोवती लघु-आरएनएचे रेणू गुंडाळून सुमारे ७० नॅनोमीटरचे कण बनविले आणि कणांच्या पृष्ठभागावरील रिकाम्या पोकळ्यांत ॲडमँटेनचे खुंट बसवून त्या खुंटांना पॉलिएथिलीन ग्लायकॉल व ट्रान्सफेरिन जोडले. फिनॉल्फ्थॅलीनला बाहेर काढणारा ॲडमँटेन तो हाच. मानवी चाचणी २००८ मध्ये सुरू झाली आणि शिरेतून दिलेले कण अर्बुदाच्या पेशींत शिरून लक्ष्य जनुकाचे काम रोखतात, याचा पुरावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मनुष्यातील असा तो पहिलाच पुरावा होता. तरीही औषध म्हणून ही रचना बाजारात आली नाही.

यश आले ते भलत्याच दिशेने. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी रोक्युरोनियम हे औषध देतात. त्याचा परिणाम त्वरित उतरविता यावा म्हणून स्कॉटलंडमधील ऑर्गनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत अँटन बॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा वलयाच्या अरुंद काठावर कार्बोक्झिलेट टोके असलेले आठ हात जोडले. त्यामुळे पोकळीची खोली ०.७९ वरून सुमारे १.१ नॅनोमीटर झाली, आणि धन प्रभार असलेल्या रोक्युरोनियमला ऋण हातांनी असे पकडले की बंधन स्थिरांक एक कोटीच्या पुढे गेला. सुगामाडेक्स या नावाने हे वलय २००८ मध्ये युरोपात व २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले. हजार आणि एक कोटी यांतील अंतर म्हणजे काठावरील आठ हात होत. येथे वलय औषध घेऊन जात नाही. ते रक्तात फिरते, औषध गोळा करते आणि मूत्रपिंडावाटे घेऊन बाहेर पडते.

तुर्भे येथील अभ्यास

घट्ट धरणे व योग्य ठिकाणी सोडणे या दुहेरी प्रश्नावर महाराष्ट्रात मूलभूत स्वरूपाचे काम झाले आहे. मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात मोहंती, भासिकुट्टन व पाल यांनी जर्मनीतील वेर्नर नाऊ यांच्या सहकार्याने न्यूट्रल रेड या रंगद्रव्याचा अभ्यास करून तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन व कुकरबिट्युरिल या दोन वलयांची तुलना केली. कुकरबिट्युरिल हे भोपळ्याच्या आकाराचे वलय असून त्याच्या दोन्ही तोंडांवर कार्बोनिल गट असतात. धन प्रभारित अतिथीला हे गट आकर्षून घेतात. परिणामी या वलयात रंगद्रव्याचे आम्लता मूल्य सुमारे दोन एककांनी वाढते, तर बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये ते काहीसे घटते. सोप्या शब्दांत सांगावयाचे तर एक वलय प्रोटॉन घेतलेल्या पाहुण्याला पसंत करते, दुसरे प्रोटॉन नसलेल्याला. अर्बुदाभोवतीचा भाग निरोगी ऊतींपेक्षा किंचित आम्लधर्मी असतो. तेथे पोहोचताच औषधाने प्रोटॉन घ्यावा आणि वलयाने त्याला सोडावे, अशी रचना करावयाची असेल तर कोणते वलय निवडावे, याचे उत्तर अशा मोजमापांतून मिळते.

मूत्रपिंडाचा प्रश्न

आता विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न. सल्फोब्युटिल वलय मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड दुर्बल असेल तर ते रक्तात साचते. प्राण्यांना फार मोठ्या मात्रा दिल्या असता मूत्रपिंड व यकृताच्या पेशींत बदल दिसले होते. म्हणून रेमडेसिव्हिरच्या प्रारंभीच्या माहितीपत्रकात, ज्यांच्या मूत्रपिंडाची गाळण्याची गती मिनिटाला ३० मिलिलीटरपेक्षा कमी आहे त्यांना हे औषध देऊ नये, असे म्हटले होते. या इशाऱ्यामागे औषधाच्या बरोबरीने वलयाविषयीची भीती होती. डॉक्टरांनी त्या वेळी जे केले ते त्या वेळच्या माहितीपत्रकास धरून होते, हे त्या विद्यार्थ्याला सांगणे अगत्याचे होते.

भीतीला आकडेवारीची जोड देऊन पाहिली तर वेगळे चित्र दिसते. युरोपीय औषध संस्थेच्या निकषांच्या आधारे या वलयाची दररोज शरीराच्या वजनाच्या किलोमागे २५० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा सुरक्षित धरली जाते. ६० किलो वजनाच्या रुग्णाला पहिल्या दिवशी दोन कुप्या म्हणजे ६ ग्रॅम वलय दिले तर ते किलोमागे १०० मिलिग्रॅम होते, पुढील दिवशी ५०. द्रवरूप कुपी वापरल्यास हे आकडे दुप्पट होतात. म्हणजे भुकटीची कुपी की द्रवरूप कुपी, हा प्रश्न अशा रुग्णाच्या बाबतीत महत्त्वाचा होता. परंतु टंचाईच्या त्या दिवसांत मिळेल ती कुपी घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. डायलिसिसने हे वलय रक्तातून काढता येते, हेही ज्ञात होते.

प्रत्यक्ष रुग्णांवरील अनुभव जमा झाल्यानंतर जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मूत्रपिंडाच्या तीव्र विकारातही, डायलिसिसवरील रुग्णांसह, मात्रा न बदलता हे औषध देण्यास मान्यता दिली. औषधाच्या उपयुक्ततेविषयीचे मतही मधल्या काळात हेलकावे खात राहिले. अमेरिकेतील चाचणीत बरे होण्याचा मध्यक कालावधी १५ दिवसांवरून १० दिवसांवर आला होता; जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये रुग्णालयातील रुग्णांना ते देऊ नये अशी सशर्त शिफारस केली आणि एप्रिल २०२२ मध्ये, आजार तीव्र नसलेल्या पण धोका अधिक असलेल्या रुग्णांसाठी तीत बदल केला. आजोबांना ते इंजेक्शन मिळाले असते तर काय झाले असते, हे रसायनशास्त्राचा अध्यापक सांगू शकत नाही. ते का दिले गेले नाही, एवढे मात्र त्या विद्यार्थ्याला फळ्यावर सात षट्कोनांचे वलय काढून आणि त्याच्या काठावरील सल्फोनेटचे हात दाखवून सांगता आले. तास संपल्यानंतर त्याने ते माहितीपत्रक घडी करून पुन्हा वहीत ठेवले.